डब्यातल्या नाण्यांपासून हयातीच्या दाखल्यापर्यंत

शाळेतला डिसेंबर म्हटलं की मला सशस्त्र सेना ध्वजदिनाचा कागदी झेंडा आठवतो. लाल, गडद निळा आणि फिकट निळा असे तीन पट्टे, म्हणजे भूदल, नौदल आणि वायुदल. टाचणीने खिशाला लावायचा आणि डब्यात सुटे पैसे टाकायचे. डबा दरवर्षी फिरला, पण ज्याच्यासाठी तो फिरत होता तो माणूस वर्गात आलेला मला आठवत नाही. सोलापुरात आज विद्यार्थ्यांनी माजी सैनिकांना हातभार लावावा असं बोललं जातं, तेव्हा मागच्या इतिहासातली ही उणीव आधी पाहायला हवी.

सैनिक कल्याणाची सरकारी चौकट इंग्रजांच्या काळातली. पहिलं महायुद्ध संपल्यावर १९१९ मध्ये इंडियन सोल्जर्स बोर्ड निघालं. आजच्या केंद्रीय सैनिक बोर्डाचं मूळ तेच. ध्वजदिन मात्र स्वतंत्र भारताचा. २८ ऑगस्ट १९४९ रोजी संरक्षणमंत्र्यांच्या समितीने ७ डिसेंबर हा दिवस ठरवला. माजी सैनिक, वीरपत्नी आणि जायबंदी जवान यांच्यासाठी निधी गोळा करायचा, आणि त्यात शाळांनी हातभार लावायचा, अशी ती पद्धत पडली.

सोलापूरची गोष्ट मात्र जरा अवघड आहे. या शहराच्या आठवणीत सैनिक शिरला तो बंदूक घेऊन. मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर गाव पेटलं, काही दिवस इंग्रजी अंमल नावालाही उरला नाही आणि मग लष्करी कायदा लागला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी झाली. चार हुतात्मा चौकातून रोज जाणाऱ्या पोरांना ही नावं पाठ असतात. तो सैनिक साम्राज्याचा आणि आपला सैनिक वेगळा, हे घरी किंवा वर्गात कुणीतरी नीट सांगायला लागतं.

त्याच सोलापुरात १० ऑक्टोबर १९१० ला जन्मलेले द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले. तिथे जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करत राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ ला तिथेच वारले. सोलापूरच्या विद्यार्थ्यांना सैनिकाच्या सेवेचं उदाहरण द्यायचं तर ते शोधायला गावाबाहेर जायची गरज नाही. ध्वजदिनानंतर दोनच दिवसांनी कोटणिसांची पुण्यतिथी येते. दोन्ही एकत्र पाळायचं अजून कसं सुचलं नाही, याचं नवल वाटतं.

स्वातंत्र्यानंतर विद्यार्थी आणि लष्कर यांचा सांधा जुळला तो एनसीसी म्हणजे राष्ट्रीय छात्रसेनेमुळे. कायदा १९४८ चा. चीन युद्धानंतर १९६३ मध्ये महाविद्यालयात ती सक्तीची झाली, १९६८ मध्ये पुन्हा ऐच्छिक. १९६९ मध्ये एनएसएस म्हणजे राष्ट्रीय सेवा योजना आली. पण एनसीसीचा रोख कवायतीवर, एनएसएसचा दत्तक गावावर. नोकरी संपवून घरी बसलेला जवान दोघांच्याही वाटेत क्वचितच आला. कारगिलनंतर सीमेवर राख्या गेल्या, गल्लीतल्या निवृत्त हवालदाराकडे कुणी गेलं नाही.

अमेरिकेत २००० मध्ये तिथल्या संसदेच्या, म्हणजे काँग्रेसच्या ग्रंथालयाने माजी सैनिकांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करण्याचा प्रकल्प सुरू केला. दहावी आणि त्यापुढचे विद्यार्थी त्यात मुलाखती घेऊ शकतात. मराठी, कानडी, तेलुगू, उर्दू बोलणाऱ्या सोलापुरात असं काही झालं तर ऐकायला किती मिळेल!

तूर्त मात्र निकड कागदपत्रांची आहे. पूर्वी पेन्शन बँकेतून यायची आणि वर्षातून एकदा शाखेत जाऊन हयातीचा दाखला दिला की काम व्हायचं. आता बहुतेक संरक्षण पेन्शन ‘स्पर्श’ या ऑनलाइन प्रणालीत गेली आहे. पासवर्ड, ओटीपी, आधारशी जोडलेला मोबाइल हे सगळं आलं. शेतात राबलेल्या हातांचे ठसे यंत्र घेत नाही. २०२१ पासून चेहरा दाखवूनही दाखला देता येतो, पण त्याला बरा स्मार्टफोन लागतो. जिल्ह्याचे तालुके अकरा, आणि करमाळ्याच्या माणसाला सोलापूरचं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय शंभराहून अधिक किलोमीटर लांब. सगळेच माजी सैनिक म्हातारे असतात असंही नाही; पंधरा वर्षांच्या नोकरीवर जवानाला पेन्शन बसते, त्यामुळे चाळिशीच्या आत परतलेले पुष्कळ. त्यांना फोन शिकवायला नको. अडतात ते पंच्याहत्तरीचे आजोबा आणि एकट्या राहिलेल्या वीरपत्नी.

नववी-दहावीची मुलं इथे खरोखर उपयोगी पडतात, फक्त शिस्त हवी. सोबत शिक्षक किंवा मोठं माणूस असावं. मुलाने फोन धरायचा, ओटीपी आजोबांनीच टाकायचा, पीपीओचा, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या कागदाचा फोटो स्वतःच्या मोबाइलमध्ये ठेवायचा नाही. नेटवर्क जातं, चेहरा जुळत नाही, डोळ्यांची उघडझाप करा म्हणून सूचना येत राहते. तेवढ्या वेळात आजोबा विचारतात, “कितवीला आहेस रे?” आणि मग आपल्या पहिल्या पोस्टिंगचं सांगायला लागतात.