निसाबा: कणसाची आणि हिशेबाची देवी

प्राचीन काळी दक्षिण इराकमध्ये राहणाऱ्या सुमेरी लोकांची निसाबा ही धान्याची देवी. तिच्या नावाच्या चिन्हाचं मूळ कणसाच्या चित्रात आहे. पण याच देवीकडे लेखनाचं आणि हिशेबाचंही खातं होतं. सुगी आणि लेखणी एकाच देवीच्या हाती का, याचं उत्तर दक्षिण इराकच्या जमिनीत दडलंय.

टायग्रिस आणि युफ्रेटिस या नद्यांच्या त्या सखल मुलखात पाऊस इतका कमी, की पिकं कालव्यांच्या पाण्यावरच घ्यावी लागत. कडक उन्हात पाणी उडून जाई आणि त्यातले क्षार जमिनीत साचत. गव्हाला ते सोसत नाहीत, जवाला बऱ्यापैकी सोसतात. म्हणून भाकरी, बिअर, मजुरांचा शिधा, सगळं जवावर चाले. जव कोठारात येई आणि शेकडो हातांत वाटला जाई. एवढी देवघेव तोंडी ठेवणं शक्यच नव्हतं.

उरुक शहरात इ.स.पू. 3300 ते 3000 या काळातल्या हजारो मातीच्या पाट्या सापडल्या. त्यांतल्या बहुतेकांवर ना कथा आहेत, ना स्तोत्रं. आहेत त्या धान्य, जनावरं आणि माणसांच्या नोंदी. त्याच काळातली एक पाटी मला फार मोलाची वाटते. तिच्यावर 37 महिन्यांतल्या 29,086 मापं जवाची नोंद आहे आणि सोबत ‘कुशिम’ अशी खूण. हे माणसाचं नाव की हुद्द्याचं, यावर अभ्यासकांत वाद आहे. पण भरलेल्या कोठाराचा हिशेब लिहिताना लिपी कशी घडत होती, हे त्या ओल्या चिकणमातीतल्या ठशांत आजही दिसतं. त्या मानानं कविता बऱ्याच उशिरा लिहिल्या गेल्या.

पुढे इ.स.पू. 2100 च्या सुमारास लगाश या सुमेरी नगरराज्याचा राजा गुडेआ याला स्वप्न पडलं. त्यात हातात लखलखती लेखणी आणि मांडीवर ताऱ्यांची पाटी घेतलेली एक स्त्री होती. ती निसाबा, असं नान्शे देवीनं त्याला सांगितलं. हा प्रसंग गुडेआनंच मातीच्या दंडगोलावर कोरून ठेवला आहे.

इ.स.पू. दुसऱ्या सहस्रकात बाबिलोनचा दबदबा वाढला, तसा लेखनाचा मान हळूहळू नबू या देवाकडे गेला. तरी शाळेतली पोरं ज्या सुमेरी रचना गिरवत, त्यांतल्या अनेकींची शेवटची ओळ ‘निसाबाची स्तुती असो’ हीच राहिली.