आडनावांवरून पडलेली झाडांची शास्त्रीय नावं

माणसाच्या सन्मानासाठी त्याचं आडनाव झाडाला द्यायची पद्धत वनस्पतीशास्त्रात खूप जुनी आहे. शास्त्रीय नावात पहिला शब्द प्रजातीचा, म्हणजे जवळच्या झाडांच्या गटाचा, दुसरा जातीचा, म्हणजे त्या गटातल्या एका प्रकारच्या झाडाचा. प्रजातीला आडनाव द्यायचं असेल तर शेवटी बहुतेक 'इया' लावतात, जातीला द्यायचं असेल तर पुरुषासाठी 'ई' आणि बाईसाठी 'ए', आणि स्वतःचं आडनाव स्वतः द्यायचं नाही असा संकेत आहे.

दसऱ्याला आपण सोनं म्हणून वाटतो त्या आपट्याचं नाव बौहिनिया रेसिमोसा, कांचनही त्याच प्रजातीतला. हे नाव आलं बाउहिन आडनावाच्या दोन भावांवरून. योहान आणि कास्पार, दोघंही वनस्पती अभ्यासक, आणि कास्पारने 1623 च्या ग्रंथात हजारो वनस्पतींची नावं लावून ठेवली होती. आपट्याच्या पानाला दोन दलं, भाऊही दोन, हे स्वीडनचा वनस्पतीशास्त्रज्ञ लिनियसने आवर्जून लिहून ठेवलंय आणि इतकं जुळलेलं नाव मला तरी दुसरं माहीत नाही. हे नाव मुळात सुचवलं ते शार्ल प्लुमिये या फ्रेंच संन्याशाने, मॅग्नोलिया आणि सर्पगंधेचं राउवोल्फिया ही नावंही त्याचीच, आणि पुढे चाफ्याला प्लुमेरिया म्हणून त्याचंच आडनाव मिळालं.

महाराष्ट्राचं राज्यफूल तामण, म्हणजे लॅगरस्ट्रोमिया. लागरस्ट्रोम हा स्वीडनच्या ईस्ट इंडिया कंपनीतला माणूस, लिनियसला आशियातून आलेले नमुने पुरवायचा. कोकमाच्या गार्सिनियात गार्सँ नावाचा डॉक्टर आहे.

नाव बदललं तरी आडनाव सहसा जात नाही. सह्याद्रीच्या कड्यांवरची शिंदळ माकुडी ही वनस्पती जगात फक्त महाराष्ट्रात सापडते, डॅल्झेल या वनस्पती अभ्यासकाने तिला मुंबईचा गव्हर्नर बार्टल फ्रियरवरून फ्रेरिया इंडिका म्हटलं, नंतर तिची प्रजाती बदलून ती बौसेरोसिया झाली तर फ्रियर दुसऱ्या शब्दात गेला, बौसेरोसिया फ्रेरेई.

पण गव्हर्नरपेक्षा मला सांतापाव यांचं नाव जास्त मोलाचं वाटतं. स्पेनहून आलेले हे जेझुइट फादर मुंबईच्या झेवियर्समध्ये शिकवायचे, खंडाळ्याच्या वनस्पतींवर त्यांनी अख्खं पुस्तक लिहिलं, पुढे बोटॅनिकल सर्व्हे ऑफ इंडियाचे डायरेक्टर झाले, आणि सह्याद्रीतल्या एका कंदीलपुष्पाला सेरोपेजिया सांतापावी हे नाव मिळालं ते त्यांच्याच आडनावावरून.