दात शाबूत, रनर ढिला

ठाण्यात पावसाळा तोंडावर आला की बॅगा दुरुस्त करणाऱ्यांकडे कामाचा ढीग पडतो. शाळेची दप्तरं, रेनकोट, लॅपटॉपच्या बॅगा असं काय काय येतं, पण बहुतेकांची तक्रार एकच: "चेन लागते, पण मागून उघडते." कारागीर दातांकडे फारसं बघतही नाही. रनरचं, म्हणजे चेनच्या सरकत्या तुकड्याचं, मागचं टोक पकडीत धरतो, एका बाजूनं हलकेच दाबतो, तेवढंच दुसऱ्या बाजूनं, आणि चेन दोन-तीनदा वर-खाली करून दाखवतो. अर्ध्या मिनिटाचं काम.

ते का जमतं हे कळायला चेनचा एक दात जवळून पाहायला हवा. जीन्सची धातूची चेन घ्या आणि शक्य असेल तर भिंग. प्रत्येक दाताच्या डोक्यावर एका अंगाला बारीक उंचवटा दिसेल आणि दुसऱ्या अंगाला त्याच मापाची खोबण. डाव्या आणि उजव्या पट्टीवरचे दात अगदी एकसारखे असतात, फक्त अर्ध्या घराच्या फरकानं बसवलेले. जेवणाच्या डब्याचे कप्पे आठवा. वरच्या कप्प्याचा तळ खालच्याच्या काठात बसतो, त्यामुळे कप्पा बाजूला सरकत नाही. तो उचलून मात्र काढता येतो, म्हणून बाहेरून कडी लावावी लागते. चेनमध्ये कडीचं काम पुढचा दात करतो. प्रत्येक दात शेजाऱ्याला जागेवर दाबून ठेवतो.

मग दात एकमेकांत शिरतात तरी कसे? पट्टी सरळ असताना दोन दातांमधली फट इतकी अरुंद असते की समोरचा दात उंचवट्यासकट आत जाऊच शकत नाही. वहीचा कणा मागे वाकवला की पानांच्या कडा फाकतात, तसे पट्टी वाकली की दात फाकतात. रनरच्या आतली वाट इंग्रजी वाय अक्षरासारखी असते आणि तिच्या फाट्यावर एक पाचर असते. दोन्ही पट्ट्या त्या पाचरीला वळसा घालून येतात. वळणावर फट उघडते, समोरचा दात आत शिरतो, वळण संपून पट्टी सरळ झाली की फट मिटते. उघडताना तीच पाचर उलट्या दिशेनं दातांच्या मधे घुसते.

ही रचना स्वीडनहून अमेरिकेत गेलेल्या गिडियन सुंडबॅक या इंजिनिअरनं बसवली. जन्म 1880, स्वीडनमधल्या स्मोलांड प्रांतातला. शिक्षण जर्मनीत, ऱ्हाइन नदीकाठच्या बिंगेन गावी. 1905 मध्ये तो अमेरिकेला गेला आणि पिट्सबर्गच्या वेस्टिंगहाउस कंपनीत लागला. तो मूळचा इलेक्ट्रिकल इंजिनिअर. पुढच्याच वर्षी न्यू जर्सीतल्या होबोकेनच्या एका छोट्या कंपनीत आला. व्हिटकॉम्ब जडसन या अमेरिकी संशोधकाची पेटंटं वापरून ही कंपनी कपड्यांसाठी सरकते बंद बनवायची.

चेनची कल्पना, म्हणजे एकच तुकडा सरकवून सगळे बंद लावणं, जडसनची. ते श्रेय त्याचंच. पण त्याचा बंद टिकत नव्हता. ब्लाउजला असतात तशा हूक आणि कड्यांचीच ती सरकत्या तुकड्यानं लागणारी ओळ होती. इंचाला साधारण चार. म्हणजे दोन हुकांमध्ये सहा मिलिमीटरहून जास्त अंतर. माणूस वाकला, कापड वळलं, की हूक कडीतून निसटायचा आणि कपडा भलत्या वेळी उघडा पडायचा. सुंडबॅकनं आधी हुकांचंच रूप सुधारून पाहिलं, ते निसटतच राहिले. मग हूक काढून टाकले. एका बाजूच्या कापडाची काठ दोरा भरून जाड केली आणि दुसऱ्या बाजूच्या धातूच्या चिमट्यांनी ती पकडायची, अशी रचना केली. हूक निसटायचा प्रश्न मिटला, पण चिमट्यांखाली कापडच झिजून जाऊ लागलं.

याच काळात, 1911 मध्ये, त्याची पत्नी एल्विरा वारली. ती कारखान्याच्या व्यवस्थापकाची मुलगी होती. सुंडबॅक कामात बुडून गेला आणि 1913 च्या डिसेंबरपर्यंत दोन्ही बाजूंना सारखेच दात असलेली रचना तयार झाली. दात इंचाला दहा-अकरा झाले. अंतर अडीच मिलिमीटरच्या आसपास आलं, त्यामुळे कापड कितीही वळलं तरी दोन दातांमध्ये निसटण्याएवढी जागा उरेना. पेटंट 1917 मध्ये मिळालं. आज आपण वापरतो ती धातूची चेन मुळात हीच.

चरित्र सांगणारे बहुधा इथेच थांबतात. मला त्याचं यापुढचं काम जास्त मोठं वाटतं.

थोडा हिशेब करू. पँटची आठ इंचांची चेन घेतली तर एका बाजूला 80, दोन्ही मिळून 160 दात. एकही वाकडा चालत नाही, कारण एक दात चुकला की चेन तिथून फाटते. समजा कारखान्यात शंभरातले 99 दात अचूक निघतात. ऐकायला उत्तम आहे. पण 160 पैकी सगळेच्या सगळे अचूक असण्याची शक्यता 0.99 चा 160 वा घात, म्हणजे जेमतेम 20 टक्के. शंभर चेनपैकी ऐंशी फेकायच्या! हजारात एकच दात चुकला तरी शंभरातल्या पंधरा चेन वाया जातात. हातानं किंवा साध्या प्रेसवर हे जमणारं नव्हतं.

म्हणून त्यानं यंत्रही स्वतःच बनवलं. आडवी कापली तर वाय आकार दिसेल अशी तार यंत्रात सोडायची. यंत्र तिचे पातळ काप करतं, कापाच्या दांडीवर ठोक्यानं उंचवटा आणि खोबण उठवतं आणि वायचे दोन पाय पट्टीच्या काठेवर चिमट्यासारखे आवळतं. तारेला दाताचा आकार आधीच दिलेला असल्यामुळे कापताना धातूचा चुरा उरत नाही. पहिल्याच वर्षात या यंत्रानं रोज काही शे फूट चेन निघू लागली. तोवर कंपनी पेनसिल्व्हेनियातल्या मीडव्हिल गावी हलली होती. 1923 मध्ये गुडरिच कंपनीनं रबरी बुटांना ही चेन लावली आणि तिथूनच 'झिपर' हे नाव रूढ झालं. सुंडबॅक 1954 मध्ये मीडव्हिललाच वारला.

आता पुन्हा पकडीकडे येऊ. दात इतके एकसारखे झाल्यावर झीज जाते कुठे? चेन एकदा लावली की प्रत्येक दात रनरला एकदाच घासतो, पण रनरला 160 दात घासतात. बॅग दिवसातून दहा वेळा उघडली आणि लावली तर रनरला 3200 घासे बसतात, दाताला फक्त वीस. रनर आतून झिजतो, त्याच्या वरच्या आणि खालच्या पत्त्या किंचित फाकतात. वाट मोकळी झाली की दात वर-खाली हलतात, समोरासमोर येत नाहीत आणि एकमेकांत न अडकताच बाहेर पडतात. पकडीनं फक्त त्या दोन पत्त्या पुन्हा जवळ येतात.

दाबायचं ते मागचं टोक, जिथून लागलेली चेन बाहेर पडते. पुढे, दोन तोंडांच्या मधे पाचर असते, तिथे दाबून उपयोग नाही. दोन्ही बाजू सारख्या दाबा आणि प्रत्येक दाबानंतर चेन फिरवून बघा. स्वस्त रनर जस्ताच्या मिश्रधातूचे ओतलेले असतात. ते वाकतात थोडे आणि तुटतात पटकन. दोन-तीनदा दाबूनही चेन उघडत असेल तर रनर बदलायची वेळ आली.

नवा रनर घेताना जुन्याची मागची बाजू बघा. तिथे बहुधा 3, 5, 8 किंवा 10 असा आकडा असतो. लागलेल्या चेनची मिलिमीटरमधली रुंदी त्याच्या आसपास असते. आकड्याबरोबर जातही जुळायला हवी. धातूच्या दातांचा, प्लॅस्टिकच्या सुट्या दातांचा आणि नायलॉनच्या गुंडाळीचा, म्हणजे सलग वेटोळ्यांच्या दातांचा, रनर वेगवेगळा असतो. आजच्या बहुतेक बॅगांना गुंडाळीची चेन असते. बसवताना खालच्या टोकाची शिलाई उसवा, दोन्ही पट्ट्यांची टोकं समान पातळीवर धरा आणि पुढच्या दोन तोंडांत एकेक घाला. एका दाताचा जरी फरक पडला तरी वरच्या टोकाला बॅगेला फुगा येतो. तसं झालं तर रनर काढून पुन्हा घाला, ओढून जुळत नाही.

खाडीकाठच्या आपल्या दमट हवेत आणखी एक गोष्ट होते. ओली बॅग बंद करून कोपऱ्यात ठेवली की आठवड्याभरात रनर घट्ट बसतो. अ‍ॅल्युमिनियमवर आणि जस्तावर पांढरी भुकटी जमते, पितळेवर हिरवट कळंक चढतो. जोर लावला तर रनरची मूठ हातात येते, म्हणून आधी जुन्या दातघाशीनं भुकटी झाडा, मग दातांवर मेणबत्ती घासा. खोबरेल लावू नका. चेन त्या दिवशी सुटते, पण तेलाला धूळ चिकटते आणि धूळ कानसेसारखी रनर खाते.

धातूच्या चेनचा खालच्या टोकाजवळचा एखादा दात पडला असेल तर सगळी चेन बदलायची गरज नाही. पडलेल्या दाताच्या वर, चांगल्या दातांवरून जाड दोऱ्याचे सात-आठ टाके आडवे घाला. रनर त्याच्या खाली जाणार नाही. तोंड तेवढं अर्ध्या इंचानं लहान होईल.