आंतरराष्ट्रीय नाट्यसंशोधन केंद्र, पॅरिस

इंग्रज दिग्दर्शक पीटर ब्रुक (१९२५–२०२२) आणि निर्मात्या मिशलिन रोझां यांनी १९७० मध्ये पॅरिसला सुरू केलेली नाट्यसंस्था. जपान, आफ्रिका, अमेरिका आणि युरोपातील नट-नट्या इथे रोज एकत्र तालीम करत. त्यांची भाषा, धर्म आणि नाट्यशिक्षण यांत काही म्हणता काही जुळत नव्हते. पहिली तीनेक वर्षे नाटक बसवणे हा या मंडळींचा मुख्य उद्योगच नव्हता. नट आणि प्रेक्षक यांना जोडणारी भाषा गेली तर नाटकात काय उरते, हे त्यांना शोधायचे होते.

याची सुरुवात १९६८ मधली. फ्रेंच नट-दिग्दर्शक झाँ-लुई बारो यांच्या निमंत्रणावरून ब्रुक यांनी पॅरिसमध्ये निरनिराळ्या देशांतील नटांची कार्यशाळा घेतली. त्याच मे महिन्यात विद्यार्थ्यांचे आंदोलन पेटले, पॅरिसमधले काम थांबले आणि मंडळी लंडनला गेली. शेक्सपिअरच्या ‘द टेम्पेस्ट’वर आधारित प्रयोग तिथल्या राउंडहाउसमध्ये झाले. या कार्यशाळेसाठी जपानहून आलेले योशी ओईदा पुढे अनेक दशके ब्रुक यांच्याबरोबर राहिले. जपानच्या पारंपरिक रंगभूमीचे शिक्षण झालेल्या या नटाला पॅरिसमध्ये ते शिक्षण बाजूला ठेवून बसावे लागले. दिग्दर्शक ‘काहीतरी कर’ एवढेच सांगतो आणि काय करायचे ते मात्र सांगत नाही, हा अनुभव त्यांना नवा होता.

हाच केंद्राच्या प्रशिक्षणाचा गाभा होता. ‘नाना परंपरांचा संगम’ असे त्याचे वर्णन वारंवार केले जाते, पण ते फसवे आहे. जपानी नटाकडून थोडे ‘नो’ (जपानचा पारंपरिक नाट्यप्रकार), बालीच्या नटाकडून थोडे नृत्य, आफ्रिकी नटाकडून थोडे ढोलवादन अशी भेळ ब्रुक यांना नको होती. प्रत्येक नटाच्या अंगात आपापल्या परंपरेच्या ठरीव लकबी मुरलेल्या असतात आणि त्या त्याच्या स्वतःच्या ध्यानात येत नाहीत. शेजारचा नट तेच काम सर्वस्वी निराळ्या रीतीने करताना दिसला, की त्या उघड्या पडतात, असा ब्रुक यांचा विचार होता. त्यामुळे वेगळेपणा हा इथे एकमेकांसमोर धरलेला आरसा होता.

व्यायाम दिसायला साधे होते. त्यांतला बांबूच्या काठ्यांचा व्यायाम विशेष प्रसिद्ध आहे. प्रत्येकाच्या हाती एक लांब काठी देत. काठ्यांची हालचाल एका लयीत व्हायची, पण आज्ञा कोणी द्यायची नाही आणि मोजणीही करायची नाही. शेजाऱ्याकडे अंगभर लक्ष असल्याशिवाय हे जमत नाही. आवाजाचे कामही याच धर्तीवर चाले. नटांनी चार निरर्थक अक्षरसमूह जोडून ‘बाश्ताहोंदो’ हा शब्द घडवला होता. राग, विनवणी, थट्टा हे सगळे त्या एका शब्दावर बोलायचे. प्राचीन ग्रीक उताऱ्यांचे पाठ अर्थ न सांगता केवळ नादावर घोटून घेतले जात.

या कामाचे पहिले मोठे फळ म्हणजे १९७१ मध्ये इराणच्या शिराझ महोत्सवात झालेला ‘ऑर्गास्ट’ हा प्रयोग. इंग्रज कवी टेड ह्यूज यांनी त्यासाठी एक नवीच भाषा रचली. तिच्याबरोबर प्राचीन ग्रीक, लॅटिन आणि अवेस्ता (पारशी धर्मग्रंथांची जुनी भाषा) या भाषाही वापरल्या. पर्सेपोलिस या प्राचीन इराणी राजधानीच्या अवशेषांत आणि जवळच्या नक्श-ए-रुस्तम येथील राजसमाध्यांच्या कड्याखाली ग्रीक पुराणातल्या प्रॉमिथिअसच्या अग्निहरणाची कथा उलगडत गेली. एक भाग सूर्यास्ताच्या सुमाराचा होता, तर दुसरा पहाटेपर्यंत चालणारा. इराणच्या शहाच्या आश्रयाने भरणाऱ्या या महोत्सवात भाग घ्यावा की नाही यावर तेव्हाही वाद झाला होता. निधीसाठी सत्तेच्या दारी जाणारे प्रायोगिक नाटक हा प्रश्न आपल्याकडेही नवा नाही.

डिसेंबर १९७२ मध्ये मंडळी अल्जिअर्सहून निघाली. सहारा ओलांडून ती नायजर, नायजेरिया, दाहोमे (आजचे बेनिन) आणि माली या देशांत सुमारे तीन महिने हिंडली. ओईदा, ब्रूस मायर्स, हेलन मिरेन, मालीचे मालिक बोवेन्स आणि तरुण अमेरिकी संगीतकार एलिझाबेथ स्वाडोस ही त्यांतली काही माणसे. गावात पोचायचे, परवानगी मागायची, चौकात गालिचा अंथरायचा आणि त्यावर नाटक करायचे, असा शिरस्ता होता. गालिच्याच्या चौकटीत आले की खेळ सुरू, बाहेर पडले की नट पुन्हा साधा माणूस. पार, सतरंजी आणि भोवती बसलेले गाव पाहिलेल्या मराठी वाचकाला यात नवल वाटणार नाही. युरोपच्या नटाला मात्र ही हातभर जागा जपणे अवघड गेले. गालिच्यावर नुसते बूट ठेवून त्यांतून गोष्ट काढण्याचा खेळ अनेक ठिकाणी जमला, काही ठिकाणी पार फसला. प्रेक्षकाला कथेचा संकेतच ठाऊक नसेल तर हुशार अभिनयही वाया जातो, हे तिथे कळले. बाराव्या शतकातील फारसी कवी अत्तार यांच्या ‘पक्ष्यांची परिषद’ या काव्यावरचे प्रसंगही याच वाटेवर आकाराला आले.

१९७३ मध्ये केंद्राने कॅलिफोर्नियात लुईस वाल्देझ यांच्या ‘एल तेआत्रो काम्पेसिनो’बरोबर काम केले. मेक्सिकन वंशाच्या शेतमजुरांच्या संपातून १९६५ मध्ये जन्मलेले हे पथक होते. इथे दोन पक्ष खरेच वेगळे होते. एकाला सार्वत्रिक माणूस शोधायचा होता, दुसऱ्याला द्राक्षमळ्यातल्या मजुराची मजुरी वाढवायची होती. त्यानंतर न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये शेवटच्या रात्री ‘पक्ष्यांची परिषद’चे तीन प्रयोग झाले, संध्याकाळी, मध्यरात्री आणि पहाटे. निरनिराळ्या नटांच्या पुढाकाराने झालेले हे तीनही प्रयोग एकमेकांपासून वेगळे होते.

१९७४ मध्ये केंद्राला ‘बुफ द्यु नोर’ हे घर मिळाले. १८७६ साली बांधलेले हे नाट्यगृह १९५२ पासून बंद पडले होते. ब्रुक यांनी जळक्या-सोललेल्या भिंती तशाच ठेवल्या आणि नट प्रेक्षकांच्या पातळीवर आणला. गार द्यु नोर स्थानकामागच्या त्या भागात पुढे श्रीलंकेतून आलेल्या तमिळांची मोठी वस्ती झाली. त्याच वर्षी दादरला छबिलदास शाळेच्या सभागृहात मराठी प्रायोगिक नाटकाला हक्काची जागा मिळाली. दोन्हींचा परस्परांशी संबंध नाही, पण नाट्यगृहाच्या थाटावाचून नाटक होऊ शकते हा हट्ट एकच.

या प्रशिक्षणाची खरी कसोटी लागली ती ‘महाभारत’मध्ये. फ्रेंच लेखक झाँ-क्लोद कार्येर यांनी संहिता लिहिली. जुलै १९८५ मध्ये फ्रान्समधल्या आव्हिन्यॉंजवळच्या बुलबों येथील दगडखाणीत नऊ तासांचा प्रयोग उभा राहिला. बुर्किना फासोतले, कथाकथन करणाऱ्या ग्रिओ घराण्यातले सोतिगी कुयाते भीष्म झाले, पोलिश दिग्दर्शक ग्रोतोव्हस्की यांचे नट रिशार्ड चेश्लाक धृतराष्ट्र, ओईदा द्रोण, मल्लिका साराभाई द्रौपदी. संगीत जपानी वादक तोशी त्सुचितोरी यांचे होते. नटांचे फ्रेंच उच्चार जसे होते तसेच राहू दिले. प्रमाण उच्चारासाठी नटाला महिनोन्‌महिने घोटणाऱ्या आपल्या नाट्यशिबिरांना हे रुचणार नाही, पण भीष्म आणि द्रोण एकाच गावातले वाटले पाहिजेत असे कुठे आहे?

भारतातून सर्वांत कडवी टीका केली ती नाट्य-अभ्यासक रुस्तुम भरुचा यांनी. महाकाव्य ज्या हिंदू जीवनात रुजले त्यातून ते उपटून काढले, गीता काही ओळींत गुंडाळली आणि भारतीय परंपरेकडून घेण्याचे व्यवहार एकतर्फी राहिले, असे त्यांचे म्हणणे. दुसरी अडचण प्रशिक्षणाच्या मुळाशीच होती. सगळे नट आपापल्या लकबी टाकायला बसले होते खरे, पण कोणती लकब आणि कोणते सत्य हे ठरवणारा माणूस एकच होता आणि खोली पॅरिसमध्ये होती. ओईदा किंवा कुयाते यांचे काम पाहिले की ही टीका निम्मी ढिली पडते आणि श्रेयनामावली वाचली की पुन्हा घट्ट होते.

‘महाभारत’चा तो नऊ तासांचा प्रयोग भारतात झालाच नाही. १९८९ चा चित्रपट तेवढा इकडे पोचला. पुढे २०१५ मध्ये ब्रुक आणि त्यांच्या सहकारी मारी-एलेन एस्तिएन यांनी युद्धानंतरच्या काळावर ‘बॅटलफील्ड’ हे छोटे नाटक केले. चार नट, एक वादक, जेमतेम सव्वा तास. ते २०१६ मध्ये मुंबईच्या एनसीपीएमध्ये आले. शेवटी त्सुचितोरी एकटेच ढोल वाजवत राहतात आणि तो थांबल्यावर कोणी काही बोलत नाही.