इलेक्ट्रिक गाडी अ‍ॅव्हरेज किती देते? साताऱ्याच्या रस्त्यांवरचा हिशेब

गाडी सर्व्हिसिंगला लावली की चहा पिता पिता ग्राहक हमखास विचारतात, ‘पुढची गाडी इलेक्ट्रिकच घेऊ का?’ उत्तर देताना आमची थोडी पंचाईत होते. आमचं निम्मं पोट ऑइल बदलण्यावर भरतं आणि निम्मं आता घरोघरी चार्जिंग पॉइंट बसवण्यावर. म्हणजे स्वार्थ दोन्हीकडे आहे. म्हणून हा कागद घरी न्या आणि आकडे स्वतः मांडून बघा.

लिटर आणि युनिट

पेट्रोल गाडी लिटरला किती जाते हे प्रत्येकाला तोंडपाठ असतं. इलेक्ट्रिकचं नाव काढलं की मात्र प्रश्न येतो, ‘फुल चार्जमध्ये किती जाते?’ हे म्हणजे टाकी केवढी आहे एवढंच विचारण्यासारखं झालं. विचारायचं ते ‘युनिटला किती जाते’. युनिट तेच, महावितरणच्या बिलावरचं.

एका लिटर पेट्रोलमध्ये साधारण ९ युनिट ऊर्जा असते. हल्ली पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं आणि इथेनॉलमध्ये ऊर्जा कमी, त्यामुळे लिटरला सव्वाआठ युनिटच पडतात. ऊस आपला, कारखाने आपले, आणि ‘अ‍ॅव्हरेज पडलं हो’ ही तक्रारही आपलीच! तेवढ्यात छोटी पेट्रोल गाडी गावात आणि हायवेवर मिळून १६ किलोमीटर जाते असं धरा. म्हणजे युनिटला दोन. जळलेल्या पेट्रोलमधली जेमतेम २० ते ३० टक्के ताकद चाकापर्यंत पोहोचते, बाकीची रेडिएटर आणि सायलेन्सरमधून उष्णता होऊन जाते. पुण्याहून आल्या आल्या बॉनेटवर हात ठेवून बघा.

टाटाच्या टियागो ईव्ही या छोट्या इलेक्ट्रिक गाडीच्या आकाराची गाडी सॉकेटमधून घेतलेल्या एका युनिटला सहा किलोमीटर जाते, चार्जिंगमधली गळती धरूनसुद्धा. म्हणजे पेट्रोलच्या तिप्पट. टियागो ईव्ही २०२२ मध्ये आली तेव्हा कंपनीच्या कागदावर २४ युनिटांच्या बॅटरीला ३१५ किलोमीटर लिहिले होते. तो आकडा ठरावीक चाचणीतला असतो. एसी लावून, घरची चार माणसं बसवून चालवणाऱ्याने दीडशे ते दोनशे धरावेत. आणि इथे सगळं उलटं असतं. पेट्रोल गाडी हायवेवर जास्त अ‍ॅव्हरेज देते आणि पोवई नाक्याच्या गर्दीत कमी. इलेक्ट्रिक गर्दीत सुखात असते, कारण थांबलेली मोटर काही खात नाही. तीच गाडी हायवेवर शंभरने हाणली की हवेचा रेटा वाढतो आणि काटा भराभर उतरतो.

रुपयांत

पेट्रोल १०५ रुपये लिटर धरलं तर किलोमीटरला साडेसहा रुपये पडतात. घरची वीज १२ रुपये युनिट धरली तर दोन रुपये. रस्त्यावरच्या फास्ट चार्जरवर युनिट वीस-बावीसच्या घरात गेलं की साडेतीन. फायदा खरा आहे, पण तो घरी चार्ज करणाऱ्याचा आहे. जो रोज बाहेर चार्ज करणार, त्याचा फायदाही कमी आणि वेळही जाणार.

महिन्याला हजार किलोमीटर फिरणाऱ्याचे वर्षाला चोपन्न हजार वाचतात. त्यासाठी घरच्या बिलात महिन्याला १६५ ते १७० युनिट वाढतील. आज दीडशे युनिट वापरत असाल तर तुम्ही तीनशेच्या वर जाल आणि वरच्या युनिटांना चढा दर लागेल. १२ चा आकडा म्हणूनच आम्ही जरा हात राखून धरलाय.

दोन गाड्यांच्या किमतीत तीन लाखांचा फरक असेल, तर हजारवाल्याचे पैसे साडेपाच वर्षांत वसूल होतात. फक्त लग्नकार्याला आणि वर्षातून दोनदा देवदर्शनाला गाडी काढणाऱ्याचे बारा-तेरा वर्षांतही होत नाहीत. अशांना आम्ही सरळ सांगतो, आहे ती पेट्रोल गाडी नीट सांभाळा.

घाटात

ही गोष्ट पुण्या-मुंबईच्या जाहिरातीत सापडणार नाही, आणि आपल्याला तर तीच कामाची. सातारा ते महाबळेश्वर चढ सुमारे सहाशे मीटरचा. माणसांसह दीड टनाची गाडी तेवढी वर उचलायला नुसती अडीच युनिट ऊर्जा लागते, सपाट रस्त्याचा खर्च वेगळा. म्हणून मेढ्याकडून केळघर घाट चढताना काटा पडताना पाहून कुणीही घाबरतं. घाबरू नका. उतरताना मोटर उलटं काम करते, जनरेटर होते आणि त्यातला बराच भाग बॅटरीत परत येतो. पेट्रोल गाडी उतारावर गिअरमध्ये असली तर इंजेक्टर बंद करून पेट्रोल वाचवते, पण चढताना जाळलेला थेंब काही टाकीत परत येत नाही.

एक सांभाळा. महाबळेश्वरला किंवा कासला रात्री राहिलात तर शंभर टक्के चार्ज करून खाली उतरू नका. भरलेल्या बॅटरीत परत आलेली वीज मावत नाही, मग सगळा भार ब्रेकवर येतो. ऐंशी-पंच्याऐंशीवर थांबा. यवतेश्वरच्या वळणांवर फरक लगेच कळेल.

पुण्याला जाऊन-येऊन सव्वादोनशे किलोमीटर होतात. छोट्या बॅटरीवर हे एका दमात होणार नाही, वाटेत किंवा पुण्यात चार्जिंग करावंच लागेल. येताना खंबाटकी चढायचाय, म्हणून काटा तळाला ठेवून शिरवळ सोडू नका.

घरचं वायरिंग

खरी अडचण निघते ती इथे. साधं १५ अँपिअरचं सॉकेट तासाला तीन युनिट देतं, रात्री आठ-नऊ तासांत गाडी भरते. पण मिक्सरला पाच मिनिटं चालणारं सॉकेट आठ तास तापत राहिलं तर वितळू शकतं. शुक्रवार पेठेपासून मंगळवार पेठेपर्यंत जुन्या वाड्यांत आम्ही जे वायरिंग पाहिलंय, त्याबद्दल न बोललेलं बरं. मीटरपासून स्वतंत्र ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, तिला वेगळा एमसीबी (भार जास्त झाला की वीज तोडणारा स्विच) आणि आरसीसीबी (वीज गळाली की तोडणारा), आणि चांगलं अर्थिंग एवढं हवंच. एक्स्टेंशन बोर्डवर गाडी चार्ज करू नका, एका रात्रीपुरतीसुद्धा नाही. उन्हाळ्यात मुरमाची जमीन कोरडी पडली की अर्थिंग कमजोर होतं आणि चार्जर लाल दिवा लावून बसतो. गोडोलीतल्या एका काकांनी गाडी बिघडली म्हणून फोन केला होता. अर्थिंगच्या खड्ड्यात चार बादल्या पाणी ओतलं आणि गाडी चार्ज व्हायला लागली. आम्ही पैसे घेतले नाहीत, काकूंनी थालीपीठ दिलं. बिलावरचा मंजूर भारही बघा. मोठा ७ किलोवॅटचा चार्जर लावायचा तर तो बहुधा वाढवून घ्यावा लागतो.

देखभाल

इंजिन ऑइल, प्लग, क्लच नाहीत. टायर मात्र लवकर झिजतात, कारण गाडी जड आणि उचल झटक्याची. मोठ्या बॅटरीला अनेक कंपन्या ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची हमी देतात, अटी नीट वाचा. लोक फसतात ते छोट्या १२ व्होल्टच्या बॅटरीपाशी. ती बसली की मोठी भरलेली असूनही गाडी सुरू होत नाही.

धुराचं काय?

चाळकेवाडीच्या पवनचक्क्या आपल्याच जिल्ह्यात, कोयनेचा १९६० मेगावॅटचा जलविद्युत प्रकल्पही आपल्याच जिल्ह्यातल्या धरणाच्या पाण्यावर, म्हणून गाडी त्याच विजेवर चालते असं वाटतं. पण तारेत सगळी वीज एकत्र येते आणि राज्यात अजून बरीचशी कोळशाची आहे. गल्लीतला धूर नक्की जातो. देशाच्या सरासरी विजेवर कार्बन मात्र थोडाच कमी होतो. छतावर सोलर असून गाडी दिवसा घरी उभी राहत असेल, तर मग गोष्ट वेगळी.

हिशेब करून हवा असेल तर शेवटची तीन वीजबिलं, महिन्याभराच्या पेट्रोलच्या पावत्या आणि गाडी जिथे उभी करता तिथून मीटरपर्यंतचं अंतर मोजून घेऊन या. हिशेबाचे पैसे घेत नाही. रविवारी दुपारनंतर बंद.