विकिपीडियाचे बिऱ्हाड: उसन्या जागेतून स्वतःच्या सर्व्हरवर

विकिपीडिया १५ जानेवारी २००१ रोजी सुरू झाला, तेव्हा त्याचे बिऱ्हाड अमेरिकेतल्या एका डॉट-कॉम, म्हणजे इंटरनेटवर धंदा करणाऱ्या, कंपनीच्या सर्व्हरवर होते. शेजारी त्या कंपनीच्या बाकीच्या साइट्स. लेख साध्या फायलींमध्ये साठवलेले असत आणि पर्ल भाषेत लिहिलेला एक छोटा प्रोग्राम त्यातून पान उभे करी. जानेवारी २००२ मध्ये पीएचपी ही प्रोग्रामिंग भाषा आणि मायएसक्यूएल हा डेटाबेस यांवर चालणारे नवे सॉफ्टवेअर आले, पण गर्दी वाढली तशी तेही दमू लागले. जुलैमध्ये सॉफ्टवेअर पुन्हा लिहिले गेले आणि साइट 'प्लिनी' नावाच्या वेगळ्या मशीनवर गेली.

'डेडिकेटेड सर्व्हर मिळाला' असे या टप्प्याबद्दल सहज म्हटले जाते, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. मशीनवर दुसऱ्या कुणाची साइट नाही, एवढेच तो शब्द सांगतो. मशीन कोणाचे आणि बिल कोण भरतो, हे त्यात येत नाही. प्लिनीचा खर्च कंपनीच करत होती. शेजारी गेले, तरी घरातली ओढाताण राहिलीच: वेब सर्व्हर आणि डेटाबेस एकाच मेमरीसाठी भांडत. १ मे २००३ रोजी मराठी विकिपीडिया सुरू झाला तो याच ओढाताणीच्या काळात.

खरा वाद पैशांचा होता. डॉट-कॉमचा फुगा फुटल्यावर कंपनीची मिळकत आटली होती, त्यामुळे जाहिराती घेण्याचा विचार पुढे येणे स्वाभाविक होते. तो मांडणाऱ्यांना लोभी ठरवणे अन्यायाचे आहे. पण फुकट लिहिणाऱ्यांच्या लेखांशेजारी जाहिरात, ही कल्पना अनेकांना सहन झाली नाही. फेब्रुवारी २००२ मध्ये स्पॅनिश विकिपीडियाचे बरेच संपादक मजकूर घेऊन बाहेर पडले आणि त्यांनी स्पेनच्या सेव्हिलमधल्या एका विद्यापीठाच्या सर्व्हरवर आपला वेगळा ज्ञानकोश थाटला. त्यांचे जाणे व्यर्थ गेले नाही. ऑगस्ट २००२ मध्ये जाहिराती घेणार नसल्याचे जाहीर झाले आणि पत्ता डॉट-कॉमवरून डॉट-ऑर्गवर आला. माझ्या मते स्थलांतर खऱ्या अर्थाने त्या दिवशी झाले, कारण यापुढचा खर्च जाहिरातींवर चालणार नाही हे तेव्हाच ठरले. देणगी घेऊ शकणारी ना-नफा संस्था २० जून २००३ रोजी स्थापन झाली.

मधला काळ ओढगस्तीचा होता. ताण वाढला की मजकुरातला शोध बंद केला जाई, आणि शोधायला आलेल्या वाचकापुढे गूगलची चौकट येई. पोरके लेख (ज्यांच्याकडे दुसऱ्या कुठल्याच लेखातून दुवा जात नाही असे) कोणते, अजून न लिहिलेल्या कोणत्या पानाची सर्वाधिक मागणी आहे, अशा डेटाबेस पिंजून काढणाऱ्या याद्याही थांबवल्या जात. त्यासाठी सॉफ्टवेअरमध्ये 'मायझर मोड', म्हणजे कंजूष मोड, नावाची सेटिंग आहे. संपादकांची गैरसोय व्हायची, पण पान उघडत राहायचे. तो अग्रक्रम बरोबरच होता.

डिसेंबर २००३ च्या अखेरीस साइट आडवी झाली. २०,००० डॉलरचे आवाहन केले गेले आणि वाचकांनी त्याहून जास्त दिले. त्या पैशांतून नऊ सर्व्हर आले आणि फेब्रुवारी २००४ मध्ये फ्लोरिडातल्या टॅम्पा इथे सुरू झाले. डेटाबेस वेगळा, वेब वेगळे, आणि त्यांच्या पुढे स्क्विड हे पानांच्या प्रती साठवणारे सॉफ्टवेअर: लॉगइन न केलेल्या वाचकाला तयार ठेवलेले पान द्यायचे, डेटाबेसला हातच लावायचा नाही. वाचक संपादकांच्या कितीतरी पट असल्याने सगळ्यात मोठा दिलासा यानेच दिला.

डेटासेंटरची जागा मात्र भाड्याचीच राहिली. फेब्रुवारी २००५ मध्ये तिथली वीज गेली आणि डेटाबेस सावरण्यात बराच वेळ गेला. जानेवारी २०१३ मध्ये मुख्य कारभार व्हर्जिनियात हलला. २०१८ मध्ये सिंगापूरला कॅशे सर्व्हर, म्हणजे तयार पानांच्या प्रती ठेवणारे सर्व्हर, बसले आणि पुण्यात उघडलेल्या पानाचा रस्ता बराच जवळचा झाला.