रोकोको शैलीतील सोनेरी कोरीव आरसे

अठराव्या शतकात युरोपातील धनिकांच्या दिवाणखान्यांसाठी घडवलेले, कोरीव लाकडी चौकटीवर सोन्याचा वर्ख चढवलेले भिंतीवरील आरसे. फ्रान्समध्ये पंधराव्या लुईच्या काळात बहरलेल्या रोकोको शैलीची लक्षणे त्यांत ठळकपणे दिसतात: शिंपले, खडकांचे कंगोरे, पालवी, नागमोडी वळणे आणि पुष्कळदा हेतुपुरस्सर मोडलेली सममिती. ज्युस्त-ओरेल मेसोनिए आणि निकोला पिनो या नक्षीरचनाकारांनी या अलंकरणाला आकार दिला. म्युनिकजवळच्या अमालियनबुर्ग या शिकारमहालातील आरसेदालनात (१७३४–३९) मात्र सोन्याऐवजी चांदीचा मुलामा आहे.

इंग्लंडमध्ये मथायस लॉक, थॉमस जॉन्सन आणि थॉमस चिपेंडेल यांच्या छापील नमुन्यांनी ही शैली कारागिरांपर्यंत पोहोचवली. तेथील चौकटींवर लांब चोचीचे पक्षी, चिनी देवळे, एवढेच काय, धबधबेही दिसतात. गंमत अशी की, जॉन्सनने १७५८ मधील आपला नमुनासंग्रह फ्रेंच मालाला विरोध करणाऱ्या मंडळाच्या अध्यक्षाला अर्पण केला, आणि आतील नमुने मात्र सरळसरळ फ्रेंच वळणाचे होते.

या चौकटींचे रूप केवळ हौसेतून नव्हे, काचेच्या किमतीतूनही ठरले. फ्रान्समध्ये सॅं-गोबॅंच्या कारखान्यात सतराव्या शतकाच्या अखेरीपासून ओतीव काचेचे मोठे तक्ते निघत होते. इंग्लंडमध्ये मोठा तक्ता अतिशय महाग पडे आणि १७४५ पासून काचेवर वजनानुसार कर बसला. त्यामुळे मोठ्या आरशासाठी अनेकदा लहान तुकडे जोडले जात आणि सांधे कोरलेल्या फांद्यांखाली झाकले जात. वरवर निव्वळ नखरा वाटणारी वेल अशा वेळी खरे काम करत असते.

कोरलेल्या लाकडावर खडू आणि सरस यांच्या मिश्रणाचे अनेक थर देऊन त्यांवर बारीक नक्षी पुन्हा उठवली जाई. मग लाल किंवा पिवळ्या चिकणमातीचा लेप देऊन, तो ओला करून वर्ख बसवत. उंच भाग अकीकाच्या दगडाने घोटून चकचकीत केले जात, खोलगट भाग मंद ठेवले जात. मेणबत्तीच्या हलत्या उजेडात या फरकामुळेच कोरीवकाम उठून दिसे. विजेच्या सपाट प्रकाशात त्याची निम्मी करामत हरवते.

काचेमागे कथील आणि पारा यांचा लेप असे. जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग यांनी १८३५ मध्ये शोधलेल्या पद्धतीनंतर हळूहळू चांदीचा लेप रूढ झाला. एकोणिसाव्या शतकात शैलीचे पुनरुज्जीवन झाले, तेव्हा पुष्कळ अलंकरण कोरण्याऐवजी साच्यातून काढून चिकटवले जाऊ लागले. म्हणून जुना आरसा पारखताना पटाशीच्या खुणा, मागची फळी आणि काचेची करडी झाक पाहतात. काच मात्र नंतर बदललेली असू शकते, त्यामुळे चांदीचा लेप आढळला एवढ्यावरून चौकट नवी ठरत नाही.